जुने गोवे सहकुटुंब: बॉम जेझू पाहून लगेच गाडीत बसू नका, से कॅथेड्रलला वेळ द्या

मांडवीकाठ

साउथ गोवा टूरच्या गाडीतून येणाऱ्या घरांचं जुन्या गोव्यातलं वेळापत्रक ठरलेलं असतं. गाडी थांबते, सगळे बॉम जेझू बॅसिलिकात शिरतात, मान वर करून सेंट फ्रान्सिस झेवियर यांचं शव ठेवलेली चांदीची पेटी बघतात, बाहेर लाल दगडासमोर फोटो होतो आणि ड्रायव्हर मंगेशीला निघायची घाई करतो. रस्त्याच्या पलीकडे हिरवळीवर एक लांबच लांब पांढरी इमारत उभी असते, ती गाडीच्या काचेतूनच मागे पडते. ते से कॅथेड्रल. जुन्या गोव्यात एकच वास्तू निवांत बघायची असेल तर ही बघा, आणि आई-वडील, मुलं बरोबर असतील तर नक्कीच बघा, एवढंच सांगायला हा धागा काढतेय.

मी पणजीत राहते, माहेर साताऱ्याचं. दिवाळी आणि मे महिन्यात दोन्हीकडच्या माणसांचा घरी राबता असतो आणि जुनं गोवं दाखवायचं काम माझ्याकडे असतं. या खेपेला आई, सासरे आणि भावाची दोन मुलं होती.

आधी वास्तूबद्दल. कॅथेड्रल म्हणजे बिशपचं, इथे आर्चबिशपचं, मुख्य चर्च. हे सेंट कॅथरीनच्या नावाचं आहे, कारण अफोन्सो द अल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवा घेतला तो 25 नोव्हेंबर 1510 हा दिवस तिच्या सणाचा होता. आजच्या इमारतीचं काम 1562 मध्ये सुरू झालं, इमारत पुरी व्हायला 1619 उजाडलं आणि आतल्या वेद्या पूर्ण व्हायला 1652. नव्वद वर्षं झाली की! तेवढ्या काळात इकडे तालिकोटची लढाई होऊन गेली, निजामशाही बुडाली आणि शिवाजी महाराजांनी तोरणा घेतला. मुलांना सनावळी सांगण्यापेक्षा हे असं सांगितलं की पटकन कळतं.

रस्त्यावरून दिसते ती कॅथेड्रलची फक्त बाजू. दर्शनी भाग पूर्वेला आहे, त्यासाठी वळसा घालून पुढे जावं लागतं, आणि बरेच जण इथेच कंटाळून परत फिरतात. पुढे आल्यावर सासऱ्यांनी पहिला प्रश्न विचारला, "बुरूज एकाच अंगाला कसा गं?" दोन होते. समोर उभं राहिलं की डाव्या हाताचा आहे तो टिकला, उजव्या हाताचा 1776 मध्ये पडला आणि परत कधी बांधला नाही. बांधणार कोण? साथींच्या रोगांनी शहर केव्हाच ओस पडत चाललं होतं, 1759 मध्ये तर पोर्तुगीज व्हाइसरॉयही मुक्काम हलवून पणजीला गेला. ‘गोवा पाहिला त्याने लिस्बन नाही पाहिलं तरी चालेल’ अशी ज्या शहराची ख्याती होती, तिथे पडलेला बुरूज उचलायला माणूस उरला नाही. मला या वास्तूत सगळ्यात बोलकी गोष्ट हीच वाटते. नीट डागडुजी केलेल्या दोन बुरुजांनी एवढं सांगितलं नसतं.

सासरे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. आत शिरल्यावर त्यांनी आधी छत बघितलं. एवढं मोठं कमानी छत जांभ्याच्या भिंतींवर कसं तरलं, हे त्यांनी मुलांना चालता चालता दाखवलं: दोन्ही अंगांना ओळीने छोटी चॅपेलं, म्हणजे प्रार्थनेच्या खोल्या, आहेत, त्यांच्या मधल्या आडव्या भिंती छताचा रेटा पेलतात. बाहेरून 76 मीटर लांब आणि 55 मीटर रुंद हे आकडे पुस्तकात वाचून काही वाटत नाही. मुख्य दारातून वेदीपर्यंत आईच्या चालीने चालत गेलं की कळतं.

मुलांसाठी माझी एक युक्ती आहे. आत जाण्याआधी बाहेरच हिरवळीवर बसून कॅथरीनची गोष्ट सांगायची. अलेक्झांड्रियाची शिकलेली तरुण मुलगी. सम्राटाशी वाद घालायला उभी राहिली. त्याने तिला हरवायला पन्नास पंडित बोलावले, तिने त्यांनाच निरुत्तर केलं. मग तिला मारायला खिळ्यांचं चाक आणलं, ते तिचा स्पर्श होताच मोडलं, आणि शेवटी तिचा शिरच्छेद झाला. अशी आख्यायिका आहे. सोन्याचा मुलामा दिलेल्या मुख्य वेदीवर तिच्या आयुष्यातले प्रसंग कोरलेले आहेत. आता मुलांना म्हणायचं, शोधा. आमची भाची वेदीपासून थोडं लांब उभी राहून एकेका चौकटीवर बोट रोखत गोष्ट जुळवत होती, तिला तिथून हलवायला वेळ लागला.

आतलीच आणखी दोन ठिकाणं चुकवू नका. एक बाप्तिस्म्याचं दगडी कुंड, 1532 सालचं. झेवियर यांनी याच कुंडातल्या पाण्याने बाप्तिस्मा दिला असं मानतात. दुसरं चमत्कारी क्रूसाचं चॅपेल. या क्रूसावर 1619 मध्ये ख्रिस्ताचं दर्शन झालं अशी श्रद्धा आहे. माणसं तिथे थांबतात, हात लावतात, डोळे मिटतात. आईने काही न विचारता पदर सावरून हात जोडले.

बाहेर मेणबत्त्या विकणाऱ्यांकडे मेणाचे हात, पाय, छोटी घरंसुद्धा मिळतात. ज्याचा पाय दुखतो तो मेणाचा पाय वाहतो, घर व्हावं म्हणून घर. आईने मेणाचा एक पाय हातात घेतला, टाचेपासून गुडघ्यापर्यंत बोट फिरवलं आणि म्हणाली, "आपल्याकडे देवीला चांदीचे डोळे वाहतात, तसंच की हे." विकणारी बाई कोकणीत काहीतरी बोलली, आई मराठीत. दोघींचं छान चाललं होतं.

आता कामाचं. प्रवेशाला पैसे नाहीत. चपला काढाव्या लागत नाहीत, आपल्या आज्या सवयीने दारात काढतात म्हणून सांगितलं. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, त्यामुळे बीचवरून थेट येऊ नका, निदान एक ओढणी आणि मुलांची पँट पिशवीत ठेवा. आत माणसांना उभं करून फोटो काढायला मनाई असल्याच्या पाट्या आहेत. रविवारी सकाळी मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, असते, तेव्हा बघायला म्हणून जाऊ नका. सकाळी लवकर गेलात तर ऊनही नसतं आणि टूरच्या बसही आलेल्या नसतात.

कोणाला काही विचारायचं असेल, भर घालायची असेल तर जरूर लिहा.

सिंहगडपायथा

ताई, फार छान लिहिलंय. डिसेंबरमध्ये जायचं ठरतंय. आईचे गुडघे दुखतात आणि धाकटा दोन वर्षांचा आहे. किती चालावं लागतं? जेवायची सोय तिथे आहे का?

मांडवीकाठ

दादा, दारापाशी थोड्या पायऱ्या आहेत, आत मात्र सपाट फरशी आणि बसायला भरपूर बाक. आईंना आत बसवून तुम्ही मुलाला फिरवा. खरं चालणं बाहेरच्या आवारात आहे, आणि दुपारी तिथे तापतं. बॉम जेझू आणि से समोरासमोर आहेत, पण मधला रस्ता वाहता असतो, मुलाचा हात सोडू नका. जेवायला मी पाहुण्यांना पणजीला घरीच आणते. तुम्ही पणजीतच जेवा, नऊ-दहा किलोमीटर आहे फक्त.

डिसेंबरचं एक लक्षात ठेवा. 3 डिसेंबरला झेवियर यांचं फेस्त, म्हणजे सण, असतं आणि त्याआधी 24 नोव्हेंबरपासून नोव्हेना, नऊ दिवसांच्या प्रार्थना. त्या दिवसांत गर्दी अफाट असते. जत्रा आवडत असेल तर मुद्दाम जा, खाज्यांची दुकानं लागलेली असतात. गुडघे दुखत असतील तर फेस्त संपल्यावर या.

वसईची_लेक

मी वसईची कॅथलिक. आमच्याकडे मिस्सा मराठीतच होते, त्यामुळे हा धागा वाचून फार बरं वाटलं. चर्चमध्ये कसं वागायचं हे अनेकांना विचारायचं असतं पण संकोच वाटतो, म्हणून लिहिते.

दाराजवळ पवित्र पाण्याचं छोटं भांडं असतं. आम्ही त्यात बोट बुडवून क्रूसाची खूण करतो. तुम्ही नाही केलीत तरी काही बिघडत नाही, पण ते हात धुवायचं पाणी नाही, मुलांना आधी सांगा. जिथे दिवा सतत तेवत असतो तिथे पवित्र साक्रामेंत, म्हणजे मिस्सेत पवित्र केलेली भाकर, ठेवलेलं असतं. आमच्यासाठी ती सर्वांत पवित्र जागा, देवळातल्या गाभाऱ्याइतकीच. सेमध्ये त्यासाठी वेगळं चॅपेल आहे. तिथे फक्त प्रार्थनेला आलेली माणसं बसतात, मोठ्याने बोलू नका. वेदीच्या पायऱ्या चढायच्या नाहीत. मिस्सा चालू असताना आत आलात तर मागच्या बाकावर खुशाल बसा, सगळे उठले की उठा, बसले की बसा, तेवढं पुरे. ख्रिस्तप्रसाद, म्हणजे हीच भाकर, घ्यायला मात्र रांगेत जाऊ नका. तो बाप्तिस्मा आणि पहिला ख्रिस्तप्रसाद झालेल्या कॅथलिकांसाठीच असतो. प्रसाद म्हटल्यावर आपली माणसं सहज हात पुढे करतात, त्यात कुणाचा हेतू वाईट नसतो, पण मग फादर आणि पाहुणा दोघेही अवघडतात.

आणि मांडवीकाठताई, तुमच्या आईंनी पदर सावरून हात जोडले ते वाचून माझ्या आजीची आठवण आली. तीही मिस्सेला डोक्यावर पदर घेऊनच बसायची.

कोथरूडचा_वाटाड्या

बुरुजातल्या घंटेबद्दल कोणी लिहिलं नाही? तिला सोन्याची घंटा म्हणतात, नाव तिच्या नादावरून पडलंय. गोव्यातली सर्वांत मोठी, आणि आशियातल्या मोठ्या चर्च-घंटांमध्ये तिची गणना होते.

घंटांचा विषय निघालाय तर आपल्याकडचाही दुवा सांगतो. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा तिथल्या पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि देवळांना दिल्या. भीमाशंकरला आहे, नाशिकला गोदाकाठच्या नारोशंकराच्या देवळात आहे, वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्याशेजारच्या घाटावर आहे. मेणवलीच्या घंटेवर मेरी आणि बाळ येशूची आकृती आणि 1707 हे साल आहे. ज्यांना गोव्याला जमत नाही त्यांनी मेणवलीला जाऊन ती घंटा जवळून बघावी. सेमधली घंटा उंचावर आहे, खालून दिसते तेवढीच. मेणवलीची हाताच्या अंतरावर आहे, तिच्यावरचं ओतकाम बोटांनी जाणवतं.

वसईची_लेक

हो, आणि वसई किल्ल्यात त्या चर्चचे सांगाडे आजही उभे आहेत. आमच्याकडे पाहुणे आले की आम्ही तिथे नेतो. घंटा कुठे गेल्या हे आजोबा सांगायचे, त्यात राग नसायचा. नाशिकला गेलो होतो तेव्हा त्यांनी नारोशंकराच्या घंटेला लांबून नमस्कार केला होता.

शिलालेखवाचक

लेख चांगला आहे, पण एक बाजू राहून गेली असं मला मनापासून वाटतं. ज्या काळात हे कॅथेड्रल उभं राहत होतं त्याच काळात तिसवाडी, बार्देश, साष्टीतली देवळं पाडली जात होती. 1560 मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं आणि मधली काही वर्षं सोडता ते थेट 1812 पर्यंत टिकलं. त्याची कचेरी आणि तुरुंग या कॅथेड्रलच्या चौकातच होता, आदिलशाहाच्या जुन्या राजवाड्यात. देलों नावाच्या फ्रेंच वैद्याने तो तुरुंग स्वतः भोगला. 1676 च्या जानेवारीत कैद्यांना शिक्षा सुनवायला बाहेर काढलं त्या पहाटे कॅथेड्रलची मोठी घंटा वाजत होती असं त्याने लिहून ठेवलंय. माझ्या मुलांना मी तिथे नेईन तेव्हा सोनेरी वेदीसमोर उभं करून गप्प कसा राहू? मला जाऊ नका असं म्हणायचं नाही. पण नुसतं सौंदर्य दाखवून परत आणू नका.

मांडवीकाठ

शिलालेखवाचक, तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे आणि ते इथे लिहिलंत हे चांगलं केलंत. भावाचा मोठा मुलगा दहावीत आहे. त्याला मी कॅथेड्रलसमोरच्या चौकातच हे सांगितलं, आत जाण्याच्या आधी. त्याने विचारलं, "मग आपण आत का जायचं?" मी म्हटलं, वेदी कोरणारा कारागीर इथलाच होता, बाकावर बसून जपमाळ ओढणारी आजीही इथलीच आहे, आणि त्या तुरुंगात पिचलेला माणूसही इथलाच. तिघांनाही टाळून गोवा कळणार नाही. त्याला पटलं की नाही माहीत नाही, पण आत तो शांतपणे बराच वेळ बसला.

आजची प्रार्थना करणारी माणसं आणि तेव्हाची सत्ता यांच्यात मात्र मी कधीच गल्लत करत नाही. पणजीत माझ्या शेजारी कॅथलिक कुटुंब आहे. गणपतीत त्यांच्याकडून फुलं येतात, नाताळात कुसवारचं, म्हणजे नाताळच्या फराळाचं, ताट आमच्याकडे येतं.

फोंडेकर

मी फोंड्याचा. आमचं कुलदैवत मूळचं केळशीचं, शांतादुर्गा. तिथून देवीला फोंडा महालात कवळ्याला आणलं, कारण तेव्हा फोंडा पोर्तुगीजांच्या हाताखाली नव्हता. मंगेशी कुशस्थळीहून, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीहून, म्हार्दोळची म्हाळसा वेर्ण्याहून. आमच्या घरात ही गोष्ट लहानपणापासून ऐकलीय. आणि तरीही घरातले सगळे आयुष्यात एकदा तरी सायबाच्या फेस्ताला गेलेत. झेवियर यांना इथे गोंयचो सायब म्हणतात, हिंदूही म्हणतात.

शिलालेखवाचकांसाठी एक वाट सुचवतो. जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीखालून धक्क्यावर उतरा. ही कमान वास्को द गामाच्या पणतवाने 1597 च्या सुमारास उभारली, नवा व्हाइसरॉय जहाजातून उतरून याच वाटेने शहरात यायचा. तिथून फेरीबोटीने दिवाडी बेटावर जा. बेट ओलांडलं की दुसऱ्या टोकाला पुन्हा फेरीबोट, ती नार्व्याला उतरवते. तिथे सप्तकोटेश्वर. कदंब राजांचं हे दैवत मुळात दिवाडीवर होतं. देऊळ पाडल्यावर लिंग नदीपलीकडे नार्व्याला नेलं आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. अलीकडेच गोवा सरकारने त्याचं चांगलं जतनकाम केलंय. सकाळी से कॅथेड्रल आणि दुपारी सप्तकोटेश्वर असं केलंत तर मधली मांडवी ओलांडताना मुलांना बरंच सांगता येईल. पायी जाणाऱ्याला फेरीबोटीचे पैसे पडत नाहीत, आणि मुलांना बोट कॅथेड्रलपेक्षा जास्त आवडते हे आधीच सांगून ठेवतो.

शिलालेखवाचक

फोंडेकर, मनापासून आभार. हाच बेत पक्का करतो.

गडवाट

जुन्या गोव्यात उभं राहून संभाजी महाराजांची आठवण काढली नाही असं होऊ नये. 1683 च्या नोव्हेंबरमध्ये मराठ्यांनी रात्री जुवे बेटावरचा किल्ला घेतला. पोर्तुगीज ज्याला सांत इस्तेव्ह म्हणतात तेच. जुन्या गोव्यापासून ते हाकेच्या अंतरावर. सोडवायला आलेला व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर हरला, जखमी होऊन कसाबसा परतला. शहर वाचेल याची आशा उरली नव्हती. तो बॉम जेझूमध्ये गेला, झेवियर यांची शवपेटी उघडवली, आपला अधिकारदंड त्यांच्यापाशी ठेवला आणि आता तुम्हीच सांभाळा म्हणून विनवणी केली. त्याच सुमाराला शाह आलमची मोगल फौज कोकणात उतरत होती, म्हणून महाराजांना माघारी फिरावं लागलं. शहर वाचलं ते पोर्तुगीजांनी सायबाची कृपा मानलं.

बॉम जेझूमध्ये मान वर करून पेटी बघताना ही गोष्ट मुलांना सांगा. चांदीची पेटी 1637 ची, गोव्याच्या सोनारांच्या हातची, म्हणजे या प्रसंगाच्या वेळी ती होतीच. खालचा संगमरवरी चौथरा नंतरचा, 1698 चा, तस्कनीचा ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरा याने पाठवलेला.

सिंहगडपायथा

गडवाट, हे ऐकलं नव्हतं! मोठ्या मुलाला आत्ताच वाचून दाखवलं. आता त्याला जुवे बेटही बघायचंय.

एक शंका: पेटीतलं शव खाली उतरवून जवळून दाखवतात ते कधी?

फोंडेकर

दर दहा वर्षांनी. गेल्या वेळी 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025 होतं, आता 2034 च्या सुमारास. त्या वेळी शव मिरवणुकीने बॉम जेझूतून से कॅथेड्रलमध्ये आणतात आणि दर्शन तिथेच होतं. एवढी माणसं मावतील असं दुसरं चर्चच नाही इथे.

ऱ्हाईनकाठचा_मराठी

मी कोलोनला राहतो, घरून रोज कॅथेड्रलचे बुरूज दिसतात. इथलं काम 1248 ला सुरू झालं आणि 1880 ला संपलं, मधली काही शतकं ते अर्धवटच पडून होतं. पाचशेतेहेतीस पायऱ्या चढून बुरुजावर जाता येतं, भारतातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी चढवतो. पण खरं सांगतो, इकडच्या कॅथेड्रलमध्ये आई-बाबा दबून जातात. सगळं करडं, उंच, थंड. गेल्या सुट्टीत त्यांच्याबरोबर से बघितलं तर दोघेही मोकळे होते. दारातून वारा येत होता, बाहेर माड दिसत होते, बाबा मेणबत्तीवाल्याशी मराठीत बोलले.

एका बुरुजाचं कॅथेड्रल स्ट्रासबुर्गलाही आहे. फरक असा की तिथे दुसरा मनोरा चढवलाच नाही. सेचा होता आणि गेला. त्यामुळे रिकाम्या बाजूकडे बघताना काहीतरी हरवल्यासारखं वाटतं, ते स्ट्रासबुर्गला वाटत नाही.

कोथरूडचा_वाटाड्या

बॉम जेझू लाल आणि से पांढरं का, हेही मुलं विचारतात. मुळात दोन्ही जांभ्याचीच आणि दोन्हींवर चुन्याचा गिलावा होता. बॉम जेझूचा गिलावा 1950 च्या दशकात काढून टाकला. आता तो उघडा जांभा गोव्याच्या पावसात झिजतोय आणि गिलावा परत द्यावा की नको यावर गोव्यात वाद चालू आहे. माझं मत विचाराल तर द्यावा. फोटोत लाल रंग छान दिसतो हे खरं, पण जांभा पाणी पितो. चुन्याने झाकलेलं से शेजारीच उभं आहे, तुलना करायला लांब जायची गरज नाही.

मांडवीकाठ

गिलाव्याबाबत सासरे अगदी हेच म्हणाले. जांभ्याच्या भोकांत हिरवं शेवाळ दाखवून ते मुलांना म्हणाले, पाणी आत मुरलं की दगड आतून पोखरतो.

एक लिहायचं राहिलं. सेच्या मागे, त्याच आवारात, सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीचं चर्च आहे आणि त्याला लागून पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय. व्हाइसरॉयांची चित्रं बघायला लोक जातात, पण मला तिथल्या कदंबकाळच्या मूर्ती आणि वीरगळ जास्त धरून ठेवतात. शिलालेखवाचक, तुम्ही तिथे नक्की जा. शुक्रवारी ते बंद असतं. चर्चमध्ये पायाखाली बघत चाला, जमिनीत घराण्यांची चिन्हं कोरलेल्या कबरींच्या शिळा आहेत.

आणि अंगात ताकद उरली तर टेकडीवर सेंट ऑगस्टीनचे अवशेष. 46 मीटर उंचीच्या मनोऱ्याचा अर्धा भाग तेवढा उभा आहे. जॉर्जियाची राणी केतेवान हिला 1624 मध्ये इराणच्या शाहने मारलं, ऑगस्टिनी पाद्र्यांनी तिचे अवशेष गोव्यात आणले, आणि शतकांनंतर याच भग्न चर्चमध्ये उत्खननात एक हाड सापडलं. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत डीएनए तपासून ते तिचं असल्याचं मानलं गेलं, 2021 मध्ये भारताने ते जॉर्जियाला भेट दिलं. भाचीने घरी गेल्यावर शाळेत ही गोष्ट सांगितली, कॅथरीनची नाही!

सिंहगडपायथा

शेवटचा प्रश्न. आम्ही कोकण रेल्वेने येतोय. मडगावला उतरायचं की थिवीला?

फोंडेकर

दोन्ही नको. तुमची गाडी थांबत असेल तर करमळीला उतरा. जुनं गोवं तिथून अगदी जवळ आहे, सामान हॉटेलवर पोचवून परत यायचीही गरज नाही. स्टेशनबाहेर भाडं आधी ठरवून घ्या. सकाळची गाडी असेल तर आईंना आधी सेमध्ये बाकावर बसवा, चहा-नाश्ता नंतर.

सिंहगडपायथा

गाडी करमळीला थांबते, आत्ताच बघितलं. तिकिटं करमळीपर्यंतची काढतो. सगळ्यांचे आभार. परत आल्यावर फोटो आणि आईचा वृत्तांत इथेच टाकतो.